वाचकांचे प्रश्न : टर्बोचा बूस्ट आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण

या महिन्याच्या पत्रांत टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) असलेल्या गाड्यांच्या बूस्टविषयी इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून हे सदर त्यांनाच द्यावे लागले. खालील उत्तरांत बूस्ट म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीतील) दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जितका जास्त आहे तितका, असे समजावे. जिथे निरपेक्ष दाब, म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब, अभिप्रेत आहे तिथे तसा स्पष्ट उल्लेख केला आहे.

प्रश्न : माझ्याकडे स्कोडा लॉरा १.८ टीएसआय आहे. रीमॅप (इंजिनच्या संगणकातील आकडे बदलण्याचे काम) केल्यापासून तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी एकदम झेपावते, क्षणभर मरते आणि पुन्हा झेपावते. ट्यूनरने दिलेल्या लॉगमध्ये (गाडी धावताना घेतलेल्या नोंदीत) मागणी १.१० बारची असताना बूस्ट २,९०० आरपीएमला १.३४ बारपर्यंत गेलेला, मग ०.९२ पर्यंत उतरलेला आणि पुन्हा १.२५ वर चढलेला दिसतो. एकदा इंजिनचा दिवा लागून पी०२३४ हा कोड आला. ट्यूनरच्या मते एन७५ व्हॉल्व्ह बदलावा लागेल. खरेच तसे आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : व्हॉल्व्ह बदलण्याची घाई करू नये. आपण पाठवलेल्या आकड्यांवरून दोष व्हॉल्व्हचा नसून ट्यूनिंगचा असण्याची शक्यता अधिक दिसते. मात्र ते सिद्ध करायला एक सोपी चाचणी आहे आणि ती आधी करून घ्यावी.

त्यासाठी मुळात काय घडते ते पाहू. टर्बोच्या एक्झॉस्टकडील चाकाला टर्बाइन आणि हवा दाबणाऱ्या चाकाला कॉम्प्रेसर म्हणतात. टर्बाइनच्या शेजारी वेस्टगेट नावाची झडप असते. ती उघडली की एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून निघून जातो आणि टर्बोचा वेग आटोक्यात राहतो. ही झडप एका दांड्याने ॲक्च्युएटरला जोडलेली असते. ॲक्च्युएटरमध्ये एका बाजूला स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला रबरी पडदा असतो, आणि कॉम्प्रेसरकडून आलेला दाब त्या पडद्याला ढकलून झडप उघडतो. एन७५ हा सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडमीट होणारा व्हॉल्व्ह, या दाबाच्या वाटेवर बसवलेला असतो. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) त्याला सेकंदाला काही दहा वेळा चालू-बंद करतो, आणि प्रत्येक फेरीत तो किती टक्के वेळ चालू राहिला याला ड्यूटी सायकल म्हणतात. ड्यूटी वाढवली की पडद्यापर्यंत कमी दाब पोहोचतो, वेस्टगेट अधिक काळ मिटलेले राहते आणि बूस्ट वाढतो. ड्यूटी शून्य केली की सगळा दाब पडद्यावर येतो आणि गाडीला केवळ स्प्रिंगपुरता बूस्ट मिळतो. म्हणजे खालची मर्यादा स्प्रिंग ठरवते, वरची मर्यादा टर्बोचा आकार ठरवतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सला जी काही करामत करायची ती या दोहोंच्या दरम्यानच करता येते.

पी०२३४ हा कोड मागणीपेक्षा बूस्ट जास्त झाला एवढेच सांगतो. कारण सांगत नाही. अडकलेला सोलेनॉइड बहुधा एकाच दिशेने चुकतो, म्हणजे बूस्ट सतत जास्त किंवा सतत कमी राहतो. आपल्या लॉगमध्ये तो वर-खाली, वर-खाली असा जवळपास ठरावीक लयीत झुलतो आहे. नियंत्रकाने दिलेला हुकूम आणि त्याचा परिणाम यांत विलंब असला आणि नियंत्रक उतावळा असला की नेमके असेच होते. बंबाच्या नळाखाली गरम-थंड पाणी जुळवताना पाणी उशिरा तापते म्हणून आपण चावी जास्त फिरवतो, मग चटका बसतो म्हणून एकदम उलटी फिरवतो, तसाच हा प्रकार आहे. इथला विलंब नळ्यांतील हवा, पडद्याची हालचाल आणि टर्बोच्या चाकाचे जडत्व या तिघांचा मिळून बनतो, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने नाहीसा होत नाही.

चाचणी अशी. ट्यूनरला सांगून बंद-चक्र नियंत्रण, म्हणजे प्रत्यक्ष बूस्ट पाहून ड्यूटी बदलत राहण्याची सोय, तात्पुरती पूर्ण बंद करावी आणि संपूर्ण आरपीएमसाठी एकच स्थिर ड्यूटी, समजा ३० टक्के, ठेवून डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर धावडवणाऱ्या यंत्रावर) एक धाव घ्यावी. बूस्टची रेषा गुळगुळीत आली तर यंत्रसामग्री ठीक आहे आणि झुलण्याचे मूळ नियंत्रणाच्या आकड्यांत आहे. स्थिर ड्यूटीवरही रेषा झुलली, तर मात्र नळीची गळती, चिकटणारा वेस्टगेटचा दांडा किंवा थकलेला सोलेनॉइड यांच्याकडे वळावे. या पिढीच्या टीएसआय इंजिनांत वेस्टगेटच्या दांड्याची बुशिंग झिजून खडखडाट होणे आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल मिटल्यावर जादा दाब वळवणाऱ्या झडपेचा) रबरी पडदा फाटणे हे दोन्ही दोष परिचित आहेत. पण त्यांचा परिणाम बहुधा बूस्ट कमी पडण्यात होतो आणि कोडही पी०२९९ येतो. हातपंपाने ॲक्च्युएटरला थेट दाब देऊन दांडा कोणत्या दाबाला हलू लागतो आणि तो अडखळतो का, हे पाहायला फार वेळ लागत नाही. आमच्या मते रीमॅपला हात लावण्यापूर्वीच हे व्हायला हवे होते.

यंत्रसामग्री निर्दोष ठरल्यावर ट्यूनिंगचा योग्य क्रम असा. आधी शून्य ड्यूटीवर धाव घेऊन स्प्रिंगचा बूस्ट नोंदवायचा. मग १०, २०, ३०, ४० टक्के अशी ड्यूटी वाढवत प्रत्येक वेळी प्रत्येक आरपीएमला किती बूस्ट मिळतो ते मांडायचे, आणि नको तितका दाब दिसू लागताच थांबायचे. हा संबंध सरळ रेषेत नसतो. तळाच्या दहाएक टक्क्यांत आणि अगदी वरच्या टोकाला सोलेनॉइडला पूर्ण उघडायला किंवा मिटायला पुरेसा वेळच मिळत नाही, त्यामुळे तिथे ड्यूटी बदलूनही फारसे काही घडत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र पाच टक्क्यांनीही मोठा फरक पडतो. या नोंदींवरून ‘अमुक आरपीएमला अमुक बूस्ट हवा असेल तर साधारण अमुक ड्यूटी’ असा मूळ तक्ता तयार होतो. तो नीट बसला असेल तर बंद-चक्र नियंत्रणाला फार तर पाच-सात टक्क्यांची डागडुजी करावी लागते. अनेक ट्यूनर हा कंटाळवाणा टप्पा गाळतात आणि मूळ तक्त्यातील उणीव पी, आय आणि डी या तीन गुणकांकडून भरून काढू पाहतात. आपल्या गाडीत तेच झाले असावे असा आमचा तर्क आहे.

त्या तीन गुणकांपैकी ‘पी’ मागणी आणि प्रत्यक्ष बूस्ट यांतील फरकाच्या प्रमाणात ड्यूटी बदलतो, ‘आय’ तो फरक साठवत जातो, आणि ‘डी’ बूस्ट किती वेगाने चढतो आहे ते पाहून आधीच आवर घालतो. आपल्या लॉगमधली ड्यूटीची रेषा पाहा : बूस्ट १.१० बार ओलांडून गेल्यावरही ती काही काळ ९५ टक्क्यांवरच आहे. टर्बो वेग घेत असताना मागणी आणि वस्तुस्थिती यांत मोठे अंतर असते. ‘आय’ ते सगळे अंतर जमा करत राहतो आणि लक्ष्य गाठल्यावर ही साठलेली थकबाकी उतरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात बूस्ट १.३४ वर जातो. यावर उपाय असा की बूस्ट लक्ष्याच्या ०.१५ ते ०.२० बार जवळ येईपर्यंत ‘आय’ गोठवून ठेवावा आणि त्याने एकूण किती टक्के ड्यूटी हलवावी यालाही मर्यादा घालावी. त्यानंतर ‘आय’ आणि ‘डी’ शून्य करून केवळ ‘पी’ हळूहळू वाढवावा. रेषा झुलू लागली की तो निम्म्याच्या आसपास आणावा, मग ‘आय’ थोडा द्यावा आणि पहिली उसळी उरलीच तर शेवटी ‘डी’. उलट्या क्रमाने गेल्यास कोणता गुणक काय करतो आहे हेच कळेनासे होते.

या गाडीच्या ईसीयूविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो टॉर्कच्या (इंजिनच्या फिरवण्याच्या जोराच्या) हिशेबावर चालतो : ॲक्सिलरेटरची मागणी टॉर्कमध्ये, टॉर्कची हवेच्या भारात (सिलिंडरमध्ये किती हवा भरायची त्यात) आणि भाराची बूस्टच्या लक्ष्यात बदलली जाते. म्हणून केवळ बूस्टचा तक्ता वाढवून टॉर्कच्या मर्यादा जुन्याच ठेवल्या तर ईसीयू स्वतःच थ्रॉटल मिटू लागतो, आणि त्याचा धक्काही चालकाला ‘गाडी मरते’ असाच जाणवतो. लॉगमध्ये थ्रॉटलचा कोन आणि प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती मागे ओढली ते) या दोन रेषा नाहीत. पुढच्या वेळी त्या आवर्जून मागून घ्याव्यात. आणि ही धाव डायनोवर किंवा बंदिस्त ट्रॅकवरच घ्यावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. तिसऱ्या गियरमध्ये लाल रेषेपर्यंत ओढलेली गाडी ती सहज ओलांडते.

प्रश्न : माझ्या गाडीला तीन इंचांचा डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) आणि मोकळा एक्झॉस्ट बसवल्यापासून बूस्ट ३,००० आरपीएमला ०.९ बार असतो आणि ६,००० पर्यंत १.३ वर चढत जातो. ड्यूटीचा सगळा तक्ता शून्य केला तरी फरक पडत नाही. कोणता आकडा बदलावा?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोणताही नाही. ड्यूटी शून्य म्हणजे ईसीयूने आपल्या हातातले सगळे सोडून दिले. त्यानंतरही बूस्ट चढत असेल तर वेस्टगेट पूर्ण उघडूनही त्याच्या भोकातून पुरेसा एक्झॉस्ट बाहेर पडत नाही. मूळ एक्झॉस्टचा अडथळा होता तोवर टर्बाइनच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक कमी होता. तो अडथळा निघाल्यावर टर्बाइन अधिक जोमाने फिरते आणि वेस्टगेटचे भोक तोकडे पडते. टर्बो उतरवून ते भोक आणि झडपेची बैठक मोठी करून घेणे किंवा योग्य मापाचे बाहेरचे वेस्टगेट बसवणे हे दोनच खरे उपाय आहेत. झडप पूर्ण उघडल्यावर डाउनपाइपच्या कडेला अडते का, तेही एकदा पाहावे; नवा पाइप बसवताना ही चूक होते. काम होईपर्यंत ४,५०० आरपीएमच्या वर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नये आणि बूस्ट ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास इंधन तोडणारी सोय चालू असल्याची खात्री करावी.

प्रश्न : आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतींसाठी जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टर्बोला स्वतंत्र ईसीयू बसवला आहे. मुंबईत डॅशबोर्डवरचे गेज १.० बार दाखवते. महाबळेश्वरला गेलो तेव्हा तेच १.१४ पर्यंत गेले. घाटात ट्यूनिंग बिघडले असे समजावे का?
(एक वाचक, मुंबई)

उत्तर : बिघडलेले नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. आपला ईसीयू निरपेक्ष दाबाचे लक्ष्य धरतो, तर डॅशबोर्डवरचे गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १ बार असतो, महाबळेश्वरच्या साधारण १,३७० मीटर उंचीवर तो ०.८६ बारच्या आसपास उतरतो. निरपेक्ष लक्ष्य २.० बारचे असेल तर मुंबईत गेज १.० आणि महाबळेश्वरला १.१४ दाखवणारच. इंजिनला मिळणारी हवा जवळपास तेवढीच असते. टर्बोला मात्र मुंबईत हवा दुप्पट दाबावी लागत होती ती तिथे २.३ पट दाबावी लागते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर मुंबईची ३५ अंशांची हवा इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या) आधी सुमारे १३० अंशांना पोहोचते, आणि महाबळेश्वरची २५ अंशांची गार हवा सुमारे १४० अंशांना. आपल्या गाडीतल्या छोट्या टर्बोचे चाक अशा वेळी आपल्या वेगमर्यादेच्या जवळ जाते आणि कार्यक्षमताही घसरते, म्हणजे प्रत्यक्ष तापमान याहून वरच असेल.

कंपनीचा ईसीयू बाहेरच्या हवेचा दाब मोजून उंचीवर लक्ष्य आपोआप उतरवतो. स्वतंत्र ईसीयूमध्ये तो तक्ता आपल्यालाच भरावा लागतो आणि तो पुष्कळदा कोराच राहिलेला आढळतो. बाहेरचा दाब ०.९५ बारच्या खाली गेला की लक्ष्य त्याच प्रमाणात कमी करावे. लडाखला जायचे मनात असेल तर हा तक्ता भरल्याशिवाय जाऊ नये. लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर बाहेरचा दाब ०.६५ बारच्या आसपास असतो आणि तिथे २.० बारचे निरपेक्ष लक्ष्य म्हणजे हवा तिपटीहून अधिक दाबणे. आपल्या ईसीयूला वेगळा हवेच्या दाबाचा सेन्सर नसेल तर तो बहुधा इग्निशन चालू करताना मॅनिफोल्डच्या सेन्सरवरूनच बाहेरचा दाब वाचून ठेवतो. वाईहून निघून इंजिन बंद न करता पसरणीचा घाट चढलात तर त्याच्या हिशेबी गाडी अजून वाईतच असते. पाचगणीला चहाला थांबलात तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करावे.

प्रश्न : माझ्या नव्या १.० टीएसआय गाडीला एकाने ‘ट्यूनिंग बॉक्स’ सुचवला आहे. तो सेन्सरच्या वायरमध्ये बसतो, ईसीयूला हात लावत नाही आणि काढून टाकला की मागमूस राहत नाही, असे तो म्हणतो. हे सुरक्षित आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा बॉक्स बूस्ट नियंत्रित करत नाही, ईसीयूशी खोटे बोलतो. मॅनिफोल्डमध्ये समजा १.८ बार निरपेक्ष दाब असेल तर तो ईसीयूला १.६ सांगतो, दाब कमी पडला असे समजून ईसीयू आणखी बूस्ट मागतो. आपल्या इंजिनात वेस्टगेट हवेच्या दाबाने नव्हे, विजेच्या मोटरने हलते, त्यामुळे हा हुकूम लगेच आणि पुरेपूर अमलात येतो. पेट्रोलची कमतरता ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे काही प्रमाणात भरून निघते, म्हणून गाडी वरवर छान चालते. खरी गोम इग्निशन टायमिंगमध्ये आहे. ते टायमिंग ईसीयू दाबावरून काढलेल्या भारानुसार तक्त्यातून उचलतो. भार कमी सांगितला तर ठिणगी लवकर पडते, आणि नेमक्या त्याच क्षणी सिलिंडरमध्ये हवा जास्त असते. जास्त दाब आणि लवकर ठिणगी हा नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके बसण्याचा, हमखास मेळ आहे. नॉक सेन्सर टायमिंग मागे ओढून इंजिन वाचवू पाहतो, पण सेन्सरला ते कळते तोवर नॉकिंग होऊन गेलेले असते. बूस्ट वाढवायचाच असेल तर ईसीयूमधले सगळे संबंधित तक्ते एकत्र बदलणारे ट्यूनिंग करावे, किंवा गाडी आहे तशी ठेवावी. वॉरंटीतल्या गाडीसाठी आम्ही दुसरा पर्याय सुचवू.

प्रश्न : माझी स्विफ्ट डिझेल, १.३ इंजिनाची, २,००० आरपीएमच्या खाली अजिबात ओढत नाही. पेट्रोल गाड्यांना लावतात तसा इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर बसवला तर पिकअप सुधारेल का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. २,००० च्या खाली टर्बोला फिरवण्याइतका एक्झॉस्टच नसतो. त्या पट्ट्यात वेस्टगेट आधीच मिटलेले असते, आणि मिटलेली झडप आणखी मिटवता येत नाही. शिवाय डिझेल इंजिनाची ताकद प्रामुख्याने किती डिझेल टाकले यावर ठरते. डिझेल न वाढवता नुसती हवा वाढवून हाती फारसे काही लागत नाही. ७५ पीएसच्या या इंजिनात ॲक्च्युएटर थेट नळीने कॉम्प्रेसरला जोडलेला असतो. याच इंजिनाच्या ९० पीएसच्या आवृत्तीत टर्बाइनभोवती हलत्या पात्यांची कडी असते. कमी आरपीएमला ती पाती मिटतात, एक्झॉस्टचा झोत वेगाने चाकावर आदळतो आणि बूस्ट लवकर मिळतो. तो टर्बो आपल्या इंजिनाला लावायचा म्हणजे ईसीयू आणि वायरिंगसकट बदल आला आणि खर्चाच्या मानाने ते परवडणारे नाही. इंटरकूलरच्या रबरी होजपाइपला चीर आहे का आणि एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, एवढे पाहून घ्यावे. होजच्या सांध्यावर तेलकट काळा डाग दिसला तर गळती तिथेच समजावी.

प्रश्न : बूस्टवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पहिल्यांदा कोणी आणले? तंत्रनिकेतनातल्या प्रकल्पासाठी हवे आहे.
(एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : ‘पहिल्यांदा’ या शब्दावर वाद होऊ शकतो, मात्र अभ्यासासाठी स्वीडनच्या साब कंपनीची एपीसी (ऑटोमॅटिक परफॉर्मन्स कंट्रोल) ही प्रणाली घ्यावी. ती १९८२ च्या मॉडेलपासून साब ९०० टर्बोमध्ये आली, आणि तिच्यामागे अभियंता पेर गिल्ब्रांड यांचे नाव घेतले जाते. १९७० च्या दशकात साब ९९ ला टर्बो बसवण्याच्या कामातही ते अग्रभागी होते. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर, इनटेकमध्ये दाबाचा सेन्सर आणि वेस्टगेटच्या नळीत सोलेनॉइड अशी तिची मांडणी होती. नॉकिंग सुरू झाल्याचे कळताच सोलेनॉइड बूस्ट उतरवत असे, त्यामुळे एकच गाडी वेगवेगळ्या ऑक्टेनच्या (नॉकिंग टाळण्याच्या क्षमतेच्या) पेट्रोलवर चालवता येई आणि इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशोही पूर्वीपेक्षा जास्त ठेवता आला. आज ईसीयू नॉकिंगला आधी इग्निशन टायमिंगने उत्तर देतो आणि बूस्टला नंतर हात लावतो. साबने तेव्हा बूस्टलाच पहिले उत्तर मानले होते. हा फरक का पडला, यावर आपल्या प्रकल्पात एक प्रकरण लिहिता येईल. दिशा एवढीच देतो की ठिणगी पुढच्याच फेरीत मागे घेता येते, टर्बोच्या चाकाचा वेग मात्र तसा उतरत नाही.

प्रश्न : ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर गाडी ट्यून केली आहे. गावाकडे ते मिळत नाही. बूस्ट किती कमी करावा?
(एक वाचक, बीड)

उत्तर : ट्यूनरकडून कमी बूस्टचा दुसरा मॅप भरून घ्यावा आणि साधे पेट्रोल भरल्यावर तोच वापरावा. आकडा अंदाजाने ठरवू नये. लॉगमध्ये एखाद्या सिलिंडरचे टायमिंग वारंवार तीन-चार अंशांहून जास्त मागे जात असेल तर लक्ष्य ०.१ बारने उतरवून पुन्हा पाहावे. टायमिंग इतके मागे गेल्यावर वाढीव बूस्टची ताकद तशीही मिळत नाही; ती एक्झॉस्टच्या तापमानात जाते आणि टर्बाइनला भाजते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता चांगली असली तरी त्याला इंधनाचे प्रमाण जास्त लागते, म्हणून इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप मर्यादेजवळ चालत आहेत का तेही तपासावे.

प्रश्न : गाडीत असा बदल करणे कायदेशीर आहे का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. उत्प्रेरक (एक्झॉस्टमधील घातक वायू कमी करणारा भाग) काढून टाकलेला डाउनपाइप प्रदूषणाच्या नियमांतही बसत नाही. रीमॅपची माहिती विमा कंपनीला दिलेली नसेल तर अपघातानंतर दाव्यावर वाद उभा राहू शकतो. शर्यतीची गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर नेणाऱ्यांना ही अडचण येत नाही; रोज ऑफिसला जाणाऱ्यांना येते.

प्रश्न : तीन तोंडांचा सोलेनॉइड स्वतः बसवायचा आहे. कोणत्या तोंडाला कोणती नळी, याचे प्रत्येक जण वेगळे उत्तर देतो.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : उत्तरे वेगळी येतात कारण तोंडांचे क्रमांक प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने देतो. क्रमांकांवर न जाता सोलेनॉइड हातात घ्यावा, वीज न जोडता एका तोंडातून फुंकावे आणि हवा कुठून बाहेर येते ते पाहावे. वीज नसताना जी दोन तोंडे एकमेकांना जोडलेली असतात, त्यांपैकी एक कॉम्प्रेसरला आणि दुसरे ॲक्च्युएटरला गेले पाहिजे. तिसरे वातावरणात मोकळे राहील. मग बॅटरीवरून बारा व्होल्ट देऊन पुन्हा फुंकावे : आता ॲक्च्युएटरचे तोंड मोकळ्या तोंडाशी जोडलेले दिसले पाहिजे. दिसले नाही तर कॉम्प्रेसर आणि ॲक्च्युएटर यांची अदलाबदल करून पुन्हा तपासावे. या जोडणीत वायर तुटली किंवा फ्यूज उडाला तर बूस्ट स्प्रिंगवर उतरतो. उलट जोडणीत तो बेफाम चढतो. मोकळ्या तोंडाला छोटा फिल्टर लावावा, नळ्या शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, प्रत्येक सांध्याला क्लिप लावावी आणि सोलेनॉइड एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर बसवावा. पहिली धाव शून्य ड्यूटीवर घ्यावी आणि गेजने स्प्रिंगचा दाब दाखवल्याशिवाय पुढचा आकडा भरू नये.